दयानंदच्या नावाचा फोटो

केवळाबाईच्या मेसमध्ये साठ पोरं जेवायची आणि साठांतल्या एकालाही ताटात काय वाढलंय याची शुद्ध नसायची. डाव्या हाताला उघडं पुस्तक, उजव्या हातात चपाती. वरणात भेंडी पडली काय आणि दोडका पडला काय, पोरं डोळे न उचलता गिळायची आणि पुढच्या क्लासला पळायची. लातूर असंच झालंय. इथं लग्नं परीक्षेनंतर, घराला रंग परीक्षेनंतर, भाऊबंदकीची भांडणंसुद्धा परीक्षेनंतर. दुखण्यांनीही तेवढं थांबावं अशी या गावाची अपेक्षा असते. पण दुखण्यांनी काही क्लास लावलेला नसतो.

शेषेरावाला, म्हणजे केवळाबाईच्या नवऱ्याला, दिवाळीच्या सुमाराला खोकला लागला तो सुटेचना. शेषेराव आधी डाळमिलमध्ये पोती उचलायचा, मेस चालायला लागली तसा सायकलीवर डबे पोचवायला लागला. खोकल्याचं उत्तर त्याच्याकडं तयार होतं.

"भूकंपाची धूळ हाय ती," तो म्हणायचा. "एकदा छातीत बसली ती बसली."

त्र्याण्णव साली औसा तालुक्यातलं त्यांचं गाव पहाटे खाली बसलं, तेव्हा शेषेरावानं आठ दिवस माती उपसली. आईला काढलं, चुलत्याला काढलं. एक अर्धी भिंत अंगावर आली आणि बरगडी मोडली, तरी हा उपसतच होता. तेव्हापासून छातीचं काहीही दुखणं त्याच धुळीच्या खात्यावर जायचं. रोज एक बंडल बिडी ओढायचा, तिचं नाव मात्र तेवीस वर्षांत कुणी काढलं नाही. भूकंपाला दोष दिला की भूकंप काही भांडायला येत नाही.

जानेवारीत कफात रक्ताची बारीक तार दिसली आणि केवळाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिला टीबीची शंका आली. नवऱ्याच्या जिवाची भीती वाटलीच, खोटं कशाला बोला, पण तिच्या मागोमाग लगेच मेसची भीती आली. दोन वर्षांपूर्वी त्याच गल्लीत एका मेसच्या आचाऱ्याला कावीळ झाली होती. सकाळी बातमी फुटली, दुपारी परभणीपासून निलंग्यापर्यंतच्या आईबापांचे फोन आले आणि संध्याकाळी त्या मेसमध्ये कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. टीबी म्हटल्यावर तर गल्लीनं यांची चूलच विझवली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिनं शेषेरावाला लातूरच्या सरकारी दवाखान्याची पायरी चढू दिली नाही.

तिचा धाकटा भाऊ दयानंद रेणापूरला शेती करायचा. नांदेडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याची गाडी महिन्यातून एकदा तिथं यायची आणि गाडीतच छातीचा फोटो निघायचा. दयानंदनंच फोन केला.

"अक्का, दाजीला इकडं आण. इथं कोण वळखतंय?"

"आणते," ती म्हणाली. "पर नाव तुझं लिव. नंबर बी तुझाच दे. टीबी निघाला तर ती माणसं घर हुडकत येतात. तुझ्या घरी येऊ देत, माझ्या घरी नगं."

दयानंदनं क्षणभरही विचार केला नाही. यात काही वावगं आहे असं त्याला वाटलंच नाही, आणि का वाटलं नाही ते सांगायला हवं. भूकंपानंतर पत्र्याच्या छावणीत रोज याद्या वाचल्या जायच्या. आज पत्रे, उद्या घोंगड्या, परवा धान्य. नाव पुकारल्यावर जो बोलला नाही त्याचा वाटा गेला. शेषेराव तर माती उपसायला गेलेला. मग विशीतला दयानंद, रेणापूरहून बहिणीच्या मदतीला येऊन राहिलेला, शेषेरावाचं नाव आलं की उभा राहून "हजर" म्हणायचा. सगळी छावणी तसंच करायची. कुणी दिराच्या नावाला उभी, कुणी साडूच्या नावाला उभा. ती फसवणूक नव्हती, नात्याची रीत होती. यादीतल्या नावामागं एक जिवंत माणूस उभा करायचा, मग तो कुठला का असेना.

तर रेणापुरात गाडीसमोर "दयानंद" अशी हाक आली आणि शेषेराव "हाव" म्हणून आत गेला. शर्ट काढून, छाती पाटीला टेकवून, श्वास रोखून उभा राहिला. दहा मिनिटांत काम झालं आणि दोघं नवरा-बायको एसटीनं परत लातूरला. संध्याकाळच्या चपात्या वेळेत झाल्या.

आठवड्याभरानं दयानंदला नांदेडहून फोन आला. बोलणारीचं नाव रईसा. ती त्या दवाखान्यात सिस्टर होती आणि फुफ्फुसाच्या गाठींच्या पेशंटांचं सगळं तिच्या हातात होतं. पूर्वी असे पेशंट या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरत राहायचे. एक जण फोटो काढायचा, दुसरा थुंकी तपासायचा, तिसरा म्हणायचा महिन्यानं या. चार-पाच महिने असेच जायचे. म्हणून दवाखान्यानं एक रस्ता आखला होता. संशय आला की पेशंटच्या नावाचं पिवळं कार्ड निघायचं, त्यावर चौकटी असायच्या. मोठा फोटो म्हणजे सीटी स्कॅन, सुईनं काढलेला गाठीचा तुकडा, त्याचा रिपोर्ट, आणि दर गुरुवारी सगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक. पंधरा दिवसांत उपचार सुरू झाले पाहिजेत असा नियम. एक चौकट रिकामी राहिली तर रईसानं पेशंटला फोन करायचा. तीन फोनांना आला नाही तर जीप पाठवायची.

"फोटोत एक डाग आहे," रईसा म्हणाली. "मोठा फोटो काढायला नांदेडला या." फोनवर याच्यापुढं काही सांगायचं नाही, हाही नियमच होता.

दयानंदनं बहिणीला कळवलं. केवळाबाई त्या वेळी दोन चुलींच्या मधे उभी होती. लातूरच्या एका ओळखीच्या डॉक्टरनं तोवर गुपचूप टीबीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, थुंकीत काही सापडलं नसताना, नुसत्या अंदाजानं. शेषेरावाची लघवी तांबडी व्हायला लागली होती. त्या गोळ्यांनी ती कुणाचीही होते, पण तेवढ्यावरून औषध लागू पडतंय असं दोघांनी मनाला समजावलं होतं.

"सांग त्यांना, गोळ्या चालू हायत म्हणून," ती म्हणाली. "परीक्षेला तीन महिने ऱ्हायलेत. आत्ता नांदेडला कसं जाणार?"

दयानंदनं दोनदा तसंच सांगितलं. तिसऱ्यांदा रईसाचा आवाज चढला. आणि चौथ्या दिवशी दवाखान्याची जीप रेणापुरात त्याच्या दारात येऊन उभी राहिली. शेजारीपाजारी जमले. ड्रायव्हरनं कार्ड दाखवून विचारलं, "दयानंद कोण?" आता काय बोलणार? फोटो दुसऱ्याचा आहे म्हणावं तर पोलीस केस होईल असं त्याला वाटलं. शिवाय यादीत नाव त्याचं, हाक त्याच्या नावाची. दयानंद चपला घालून जीपमध्ये बसला.

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "अक्का, नांदेडचं मिटवलं मी. त्यांनी नाव कमी केलं. आता कुणी येणार न्हाई."

केवळाबाई कणीक मळत होती. कसं मिटवलंस, असं विचारायला एका श्वासाची जागा होती. तिनं ती जागा ओळखली, आणि कणकेला थोडं पाणी लावलं. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. तिला काही करायचं नव्हतं. तिला मे महिन्यापर्यंत पोचायचं होतं.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. टँकरपुढं घागरींच्या रांगा लागायच्या, त्या रांगेत शेषेराव उभा राहायचा आणि भरलेली घागर त्याला उचलवायची नाही. आवाज बसला. पाठीत मणक्याशी काहीतरी कुरतडतंय म्हणायचा. सायकल सुटली, मग जिना सुटला. गोळ्यांचा कोर्स सहा महिन्यांचा आहे, असं ती म्हणायची. गुण यायला वेळ लागतो. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, ही म्हण तर तिनं इतक्यांदा म्हटली की शेषेराव एकदा म्हणाला, "मुंगी बी आता थकून बसली बघ."

परीक्षा झाली. पोरं गाद्या गुंडाळून आपापल्या गावी गेली. मेसचा हॉल रिकामा झाला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच हॉलमध्ये हात धुवायच्या बेसिनवर वाकून शेषेरावानं रक्ताची गुळणी टाकली. केवळाबाईनं नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. मग मात्र तिनं एकही दिवस घालवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती नवऱ्याला घेऊन नांदेडला निघाली. या खेपेला नाव शेषेरावाचंच सांगितलं.

आणि तिथं जे झालं ते बघून तिचं काळीज जास्तच दुखलं. कारण सगळं सोपं होतं. रईसा दारातच भेटली. तिशी-पस्तिशीची, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली, हातात पिवळं कार्ड. पहिल्या दिवशी मोठा फोटो, तिसऱ्या दिवशी सुई. कुठं रांग लावायची, कुणाला विचारायचं, काही नाही. बाई स्वतः पुढं चालायची, चाकाची खुर्ची ढकलायची, चौकटीत तारीख टाकायची. नवव्या दिवशी, गुरुवारी, सगळे डॉक्टर एका खोलीत बसले आणि शेषेरावाचं ठरलं. नऊ दिवस लागले होते. एवढ्यासाठी तिनं मे महिन्याची वाट बघितली होती.

बैठकीच्या आधी रईसानं विचारलं होतं, "मावशी, छातीचा एखादा जुना फोटो आहे का? डॉक्टरांना शेजारी ठेवून बघायला लागतो."

शेषेरावानं खाटेवर कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. केवळाबाई रईसाला घेऊन बाहेर व्हरांड्यात आली.

"हाय," ती म्हणाली. "तुमच्याजवळच हाय. जानेवारीतला. रेणापूरचा." आणि भावाचं नाव सांगितलं.

रईसाला लगेच कळलं नाही. मग कळलं. ती आतल्या खोलीत गेली आणि थोड्या वेळानं केवळाबाईला आत बोलावलं. कॉम्प्युटरवर दोन फोटो शेजारीशेजारी लावलेले होते.

"हा जानेवारीतला, दयानंद नावाचा," रईसा म्हणाली. "ही गाठ बघा, लिंबाएवढी. आणि हा त्याच दयानंदचा मोठा फोटो, बारा दिवसांनी काढलेला. गाठ नाही. काहीच नाही. आम्ही म्हणलो, गाडीतल्या मशीनची चूक असेल, नाहीतर न्यूमोनियाचा डाग असेल, विरला. कार्ड बंद केलं."

केवळाबाई बघत राहिली. दयानंदनं काय मिटवलं होतं ते तिला आत्ता कळत होतं. तिच्या भावानं स्वतःची धडधाकट छाती नेऊन मशीनखाली घातली होती.

रईसानं पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. "ही बरगडी बघा. मोडून जुळलेली. जुनी आहे. दुसऱ्या फोटोत ती बरगडी सरळ आहे. मोडलेली बरगडी बारा दिवसांत सरळ होत नाही, मावशी. हे दोन वेगळे लोक आहेत हे तिथं लिहिलेलंच होतं. पण आम्ही सगळे गाठ कुठं गेली तेच शोधत होतो. बरगडीकडं एकानंही बघितलं नाही."

तिचा आवाज फाटला. "ते कार्ड मी मोठ्या मीटिंगमध्ये दाखवलं होतं. बघा, खेड्यातला पेशंट येत नव्हता, आम्ही जीप पाठवली, बारा दिवसांत छडा लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तुमचा फार राग येतोय, मावशी. आणि माझाही येतोय."

केवळाबाईनं मान खाली घातली नाही. राग तिला हवाच होता. इतके दिवस तिच्यावर रागावणारं कुणी नव्हतं.

"तवा आलो असतो तर?" तिनं विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

"तुमी सांगा."

रईसानं कार्डाच्या कडा सरळ केल्या. "तेव्हा गाठ एकाच जागी दिसते," ती म्हणाली. "बहुतेक ऑपरेशन झालं असतं. आता यकृतात आहे, मणक्यात आहे. पाठीला मशीनवर किरणांचा शेक देऊन दुखणं कमी करू. औषधं देऊ. मी स्वतः लातूरला येऊन बघून जाईन, ते आमच्या कामातच आहे. पण बरं करता येणार नाही."

आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावणार? केवळाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसली. तिला रडू आलं नाही. तिला स्वतःची किळस आली. साठ परक्या पोरांची जेवायची वेळ तिनं एक दिवस चुकू दिली नव्हती आणि घरच्या माणसाची वेळ हातानं घालवली होती.

आमच्याकडं अशा दुखण्याचं नाव पेशंटला सांगायची पद्धत नाही. घरचे डॉक्टरला डोळ्यानं खुणावतात, डॉक्टर खोकून विषय बदलतो, आणि पेशंटही सगळं समजून उमजून न समजल्यासारखं करतो. केवळाबाईला ते सोपं गेलं असतं. पण ती शेषेरावाशेजारी जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. दुखण्याचं नाव सांगितलं. जानेवारीतली गाठ सांगितली. दयानंद त्याच्या जागी मशीनखाली झोपून आला हेही सांगितलं.

शेषेराव छताकडं बघत ऐकत होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "तू एकटीच का घेऊन राहिलीस अंगावर? दयानंद म्हणून हाक आली तवा हाव कोण म्हणलं? मीच म्हणलो की. माझं काय त्वांड शिवलं होतं?"

"मी लिवायला लावलं नाव."

"अन् मी लिवू दिलं. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला बोलायचं?" त्याला दम लागला. तो थांबला, मग तिचा हात धरून म्हणाला, "एक कर. दयानंदला ह्यातलं काई कळू देऊ नगं. तो आपल्यासाठी गेला होता. त्याला कळलं तर जन्मभर पोळत ऱ्हाईल. माझं तर झालंच."

केवळाबाईनं मान हलवली. व्हरांड्यात जाऊन रईसालाही तेच सांगितलं. रईसा म्हणाली की तिला खोटं बोलता येणार नाही. तिनं फॉर्मवर आता पेशंटचा चेहरा छापायची सोय करायला सांगितली होती, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. पण मी स्वतःहून काही बोलणार नाही, एवढं मात्र ती कबूल झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दयानंद आला. रेणापूरहून पहाटेच निघाला होता, हातात डबा. दाजीला बघून दारातच थबकला. चार महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. रईसा त्या वेळी खाटेजवळ उभी राहून औषधाच्या वेळा लिहीत होती. दयानंदनं तिला ओळखलं.

डबा खाली ठेवून तो म्हणाला, "अक्का, एक इचारायचं हाय. मला झोप लागंना झालीय. त्या दिवशी जीप आली तवा मी बसून आलो. माझीच छाती तपासली त्यांनी. मी बोललो न्हाई. दाजीला हे तवाच होतं का? माझ्यामुळं ऱ्हायलं का?" मग तो रईसाकडं वळला. "बाई, तुमी तरी सांगा."

रईसानं कार्ड छातीशी धरलं आणि केवळाबाईकडं बघितलं. शेषेरावानंही बघितलं.

"न्हाई रे," केवळाबाई म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "तवा नुसता कफ होता. बाईंनी दाखवलं मला फोटोत. हे समदं मागून झालं, उन्हाळ्यात. तुझा काय संबंध?"

"खरं?"

"खोटं कशाला बोलू?"

रईसा खोलीच्या बाहेर गेली. दयानंद खाटेच्या कडेला बसला आणि दाजीच्या पायावर डोकं टेकून हुंदके देत राहिला. शेषेरावानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हात फिरवायलाही त्याला कष्ट पडत होते. थोड्या वेळानं दयानंदनं डोळे पुसले. पहाटेपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. केवळाबाईनं डबा उघडला, भाकरी मोडून ताटात ठेवली आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं. दोन घास खाल्ल्यावर त्याच्या तोंडावर रंग आला, आणि कित्येक दिवसांचं ओझं उतरलेल्या माणसासारखा तो मोकळा बोलायला लागला.

"मग मी जाऊन आलो ते बरंच झालं म्हणायचं, अक्का," तो म्हणाला. "निदान तेवढे चार महिने तरी तुमी बिनघोर काढले."

"हाव," केवळाबाई म्हणाली, आणि त्याच्या ताटात भाजी वाढली.